जांबोटीच्या पलीकडं राहायचं तर पावसाळ्याची बेगमी अशी करा

आमची वहिनी बेळगावातली, शहापूरची. लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात तिनं विचारलं, एवढं सगळं आत्ताच कशाला भरायचं, लागेल तसं आणू की. कोण काय बोललं नाही. जुलैत तिचं तिलाच कळलं, मिरची संपली आणि सहा दिवस एसटी आलीच नाही. यंदा तीच मागं लागली होती की सगळं एकदा लिहून दे, म्हणून लिहितेय, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात लग्न होऊन आलेल्या किंवा गोव्यातली नोकरी सोडून गावाकडं परत आलेल्या कुणालाही उपयोगी पडेल.

आधी गाव कुठं आहे ते डोक्यात घ्या. कणकुंबी, आमगाव, गवळी, पास्तोली, देगाव हा सगळा जांबोटीपलीकडचा घाटमाथा. मलप्रभा कणकुंबीत उगवते आणि पूर्वेला जाते, म्हादई देगावच्या बाजूला उगवते आणि गोव्यात उतरते, म्हणजे दोन्हीकडच्या नद्यांना पाणी पुरवायचं काम आमच्याच डोक्यावर. २०११ साली भीमगड अभयारण्य झालं, १९० चौरस किलोमीटरचं, तेव्हापासून आतल्या गावांना रस्ता म्हणा, खांब म्हणा, ओढ्यावरची मोरी म्हणा, सगळ्याला आधी फॉरेस्टची परवानगी. ओढ्याला पाणी चढलं की गाडी अलीकडच्या गावातनंच परत फिरते आणि आजारी माणूस असला तर खांद्यावरनं न्यायचा.

आता हिशोब. हातात रोख पैसा येतो फेब्रुवारी ते मे, काजू आणि भिरंडावर, म्हणजे कोकमावर. नवं भात घरात येतं दिवाळीच्या पुढंमागं. मधले पाच-सहा महिने फक्त खर्च, त्यात पेरणी, शाळेची वह्या-पुस्तकं, गणपती, आणि बचत संघाचा आठवड्याचा हप्ता, तो काय पाऊस बघून थांबत नाही. म्हणून एप्रिलमधी कागद घ्या आणि दिवाळीपासून उलटं मोजत या, किती आठवडे, किती हप्ते, किती मीठ-मिरची-तेल. आमची आई हे बोटांवर करायची, मला कागद लागतो.

काजू. बी झाडावरनं तोडू नका, पिकून खाली पडलेली वेचा. कोवळी बी वजनाला भरते पण आत गर नसतो आणि व्यापारी मुठीत घेतल्या घेतल्या ओळखतो. बोंड वेगळं करून बी दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला, हातात घेऊन हलवली की खळखळ वाजली पाहिजे. मग गोणीत भरून फळीवर ठेवा, जमिनीवर नको, ओल धरते. घरी खायला फोडायची तर हाताला तेल किंवा राख लावूनच, टरफलाचा चीक कातडं जाळतो, माझ्या बोटांची सालं गेलीत लहानपणी.

विकायचं कधी, खरा घोळ इथं आहे. पावसाळ्यात दुकानदार उधारी देतो, साखर-चहा-तेल सगळं देतो, गोड बोलून देतो, आणि वहीत लिहितो की येत्या सुगीला काजू इकडंच घालायचा. आमच्या बाबांनी एक वर्ष तसं केलं, नाव घेत नाही, पण मार्चमधी तो म्हणेल तो भाव आणि तो म्हणेल ते वजन, आम्ही नुसतं बघत उभे. त्यानंतर आमच्या घरात नियम, किराणा रोखीनं मे महिन्यातच भरायचा, थोडा कमी भरला तरी चालेल पण काजू गहाण पडायचा नाही. आणि सगळी बी एकदम काढू नका. निम्मी एप्रिलात विकून देणी मिटवा, उरलेली मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ठेवून खानापूर आणि चंदगड दोन्हीकडचा भाव विचारा, चंदगडला काजूचे कारखाने आहेत, कधीकधी गाडीभाडं घालूनही परवडतं. भाव वाढेलच असं नाही हं. पण पावसात बी घरात ठेवून वाट बघत बसू नका, बुरशी आली की फुकट गेली.

भिरंडाचं आमसूल घरचं घरी करा आणि जास्तीचं विका. लालभडक पिकलेली घ्या, धुऊन पुसून दोन भाग करा, आतला गर बियांसकट चिनी मातीच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात काढून त्यात मीठ घाला. ॲल्युमिनियम नको, आंबटानं भांडं खातं. सालं दिवसभर वाळवायची, दुसऱ्या दिवशी त्या खारट रसात बुडवून परत उन्हात, असं पाच-सहा वेळा, साल काळपट आणि मऊ चिवट झाली की झालं. मीठ कमी घालून वाचवायला जाऊ नका. आणि दुपारी तीननंतर आकाशावर डोळा ठेवा, वळीव सांगून येत नाही. दोन वर्षांमागं मी पाच मिनिटं फोनवर बोलत राहिले आणि अंगणातलं सगळं भिजलं, आठ दिवसांत पांढरी बुरी, सगळं शेणकीत टाकलं. आई महिनाभर ऐकवत होती.

बिया टाकू नका! राखेत चोळून, धुऊन, वाळवून ठेवा. आषाढात बाहेर काम नसतं तेव्हा कुटून पाण्यात उकळायच्या, वर तेल येतं, गार झालं की घट्ट होतं, ते मुठीनं दाबून गोळे करायचे. रोपलागणीत चिखल्यांनी पाय फुटतात त्यावर गोळा जरा चुलीपुढं धरून चोळा, मेडिकलमधली कुठली ट्यूब त्याच्यापुढं टिकत नाही, निदान माझ्या पायाला तरी.

धान्याचं सोपं आहे. नाचणा वर्षानुवर्षं टिकतो, कीड लागत नाही, पत्र्याच्या डब्यात भरून विसरून जा. भात मात्र भाताच्याच रूपात ठेवा, तांदूळ काढून ठेवला की पोरकिडे. दोन महिन्यांचं तेवढं जूनच्या आधी गिरणीतनं आणायचं कारण नंतर करंट असेलच ह्याचा भरोसा नाही. रेशनचा तांदूळ मिळतो पण अंगठ्याच्या मशीनला नेटवर्क लागतं, तेव्हा त्याच्यावर अख्खा महिना टाकू नका. फणसाच्या आठळ्या धुऊन, वाळवून मातीत नाहीतर राखेत पुरा, श्रावणापर्यंत भाजीला होतात.

सरपण वाळकं, पडलेलंच गोळा करा, ओल्या झाडाला कोयता लावू नका, आणि अभयारण्याच्या हद्दीत काय चालतं ते गार्डाला आधी विचारा. एकट्या बाईनं पहाटे जंगलात शिरायचं नाही, अस्वलं आहेत, चारपाच जणी बोलत बोलत जा म्हणजे ती आधीच बाजूला होतात.

रोख पैसे घरात ठेवा आणि सुटे ठेवा. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये बायकांच्या खात्यात येतात पण ते काढायला जांबोटी नाहीतर खानापूर गाठावं लागतं, आणि शक्ती योजनेत बायकांना एसटी फुकट असली तरी एसटी गावात यायला तर पाहिजे. ताप, जुलाब, विंचू ह्यासाठी आशाताईकडनं मेमधीच विचारून औषधं घेऊन ठेवा. बीपी-शुगरवाले असतील त्यांच्या दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम. साप चावला तर मात्र घरात काही करत बसू नका, ओढ्याला पाणी असलं तरी माणसं जमवा आणि निघा.

मेणकापड रोहिणीच्या आधी घ्या. मिरगाच्या तोंडावर सगळा खानापूर बाजार तेच शोधत असतो आणि मागच्या वर्षी आमच्या वाट्याला उंदरानं कुरतडलेलं आलं, लाकडं अर्धी भिजली, चूल पेटवता पेटवता वहिनीच्या डोळ्यांतनं पाणी.