छोटं रिव्हॉल्व्हर: गंज काढणं, पुन्हा काळं करणं आणि रोज बाळगणं

काकांचं रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या नावावर झालं तेव्हा ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये होतं. बाहेर काढलं तर आतल्या चामड्यावर त्याच्या डाव्या अंगाचा तांबूस ठसा उमटलेला. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ३६, पाच काडतुसांचं, .३८ स्पेशल. उजवं अंग अजून निळसर काळं, चकचकीत. डावीकडे मात्र सिलिंडर उघडायच्या कळीभोवती गंज, मुठीच्या लाकडाची कड लागते तिथे गंज, नळीच्या बुडाशी गंज.

काका ते उजव्या कमरेला लावायचे. तसं लावलं की शस्त्राची डावी बाजू अंगाला टेकते आणि घाम तिथेच मुरतो. हा गंज बघून मला जे कळलं ते नंतर रोज उपयोगी पडलं: कुठे पुसायचं, कुठे मेण लावायचं, कुठलं होल्स्टर घ्यायचं. म्हणून तुमच्या हाती जुनं छोटं रिव्हॉल्व्हर आलं तर पॉलिश पेपर उचलण्याआधी ते उजेडात धरून नीट बघा. कुठे झिजलंय आणि कुठे गंजलंय यावरून आधीच्या माणसाने ते कसं वापरलं ते कळतं, आणि तुम्ही तसंच वापरणार असाल तर उद्या कुठे गंजणार तेही कळतं.

परवाना आणि बाळगण्याचे नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात. ते आधी वाचून घ्या. घरी पॉलिश करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, ती म्हणजे सिरियल नंबर. तो सहसा मुठीच्या बुडाला असतो. तिथे पेपर लावायचा नाही. नंबर पुसट करणं हा बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे.

आधी यंत्र तपासा, रंग नंतर

या जातीची ओळख थोडक्यात करून देतो. कोल्टचं डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ चं, सहा काडतुसांचं. स्मिथ अँड वेसनने १९५० मध्ये जे-फ्रेम, म्हणजे छोट्या मापाचा सांगाडा, आणली आणि एक काडतूस कमी करून सिलिंडर बारीक केला. तेच चीफ्स स्पेशल, ज्याला १९५७ पासून मॉडेल ३६ म्हणतात. १९६५ मध्ये स्टेनलेस पोलादाचं मॉडेल ६० आलं. मॉडेल ३६ चं वजन साधारण साडेपाचशे ग्रॅम. ॲल्युमिनियम फ्रेमचं मॉडेल ६४२ सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. हा सव्वाशे ग्रॅमचा फरक खिशात सुखाचा वाटतो आणि गोळी झाडताना तळव्याला झोंबतो. मला पोलादीच आवडतं, कारण ज्याने सराव नकोसा होतो ते शस्त्र मी बाळगणार नाही.

काडतुसं काढा, दुसऱ्या खोलीत ठेवून या, सिलिंडरमधली काडतुसांची पाचही घरं डोळ्यांनी आणि बोटाने पुन्हा तपासा. मग हॅमर, म्हणजे मागचा घोडा, अगदी सावकाश मागे ओढा, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकं टेकवून ठेवा. हॅमर पूर्ण मागे पोचायच्या आत सिलिंडर 'टक' करून जागेवर बसला पाहिजे. पाचही घरांना हे करून बघा. एखादं घर मागे राहत असेल तर ते कारागिराचं काम आहे. आधी ते दुरुस्त करून घ्या, दिसण्याचं मागाहून बघू. सिलिंडर पुढे-मागे बराच सरकत असेल तरी तेच. मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करायची सवय ज्याला असते त्याच्या हातून तो ज्या दांड्यावर फिरतो तो हळूहळू वाकतो. सिलिंडर नेहमी अंगठ्याने ढकलून बसवायचा.

उघडणं

स्क्रूच्या खाचेत गच्च बसणारा, सपाट घासलेल्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर नसेल तर थांबा आणि तो मिळवा. घरातल्या निमुळत्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने खाच कुरतडली जाते, आणि त्या कुरतडलेल्या स्क्रूकडे पुढे आयुष्यभर बघत बसावं लागतं.

मुठीची लाकडं काढा. उजव्या बाजूचा पुढचा स्क्रू सिलिंडरचा दांडा धरून ठेवतो. तो निघाला की सिलिंडर पुढच्या बाजूने निघून येतो. हा स्क्रू त्या जागेसाठी बेतून बसवलेला असतो, म्हणून बाकीच्या दोनांत मिसळू देऊ नका. मी कागदावर रिव्हॉल्व्हरचं रेखाचित्र काढतो आणि प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवतो.

बाजूची झाकणपट्टी कधीही पात्याने उचकटायची नाही. फ्रेमचा मुठीकडचा भाग हातात धरून त्यावर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी दांड्याने टकटक मारत राहा. हादऱ्याने पट्टी आपोआप वर येते. ती निघाली की आतून एक लांबट बारीक पत्र्यासारखी पट्टी सुटून पडेल. तिचं काम हॅमरला आडवं येण्याचं. ट्रिगर पूर्ण ओढलेला नसेल तर रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तरी हॅमर काडतुसापर्यंत पोचू नये म्हणून ती असते. जोडताना ती राहून गेली तरी रिव्हॉल्व्हर व्यवस्थित चालतं, म्हणून तर ती विसरणं इतकं धोक्याचं. माझी एकदा फडक्याच्या घडीत राहिली होती. सगळं जोडून, तेल लावून झाल्यावर फडकं झटकलं तेव्हा ती टेबलावर पडली. त्या दिवसापासून सुटे भाग मोजून लिहितो आणि जोडताना एकेक खोडत जातो.

हॅमरमागची स्प्रिंग एका सळईवर असते. हॅमर मागे ओढून सळईच्या टोकाच्या भोकात कागदाची टाचणी घातली की स्प्रिंग आहे तशी अडकते आणि अख्खी सळई बाहेर येते. ट्रिगरमागच्या सरकत्या ठोकळ्यातली छोटी स्प्रिंग मात्र उडते. तो काढताना सगळं एका पारदर्शक पिशवीत हात घालून करा.

हॅमर आणि ट्रिगरला निळसर-राखाडी-तपकिरी ढगांसारखी छटा असते. ती कारखान्यात पृष्ठभाग कडक करताना आलेली असते. त्यांना पॉलिश नको, रंगही नको. तेलाने पुसून बाजूला ठेवा.

काळं करणं

पोलादावरचा तो निळसर काळा थर म्हणजे रंग नव्हे. लोखंडाचाच एक काळा ऑक्साइड, मॅग्नेटाइट. कारखाने तो कॉस्टिकच्या उकळत्या क्षारांत देतात. घरी त्या वाटेला जाऊ नका. शिवाय त्या द्रावणात ॲल्युमिनियम चक्क विरघळतं. बाटलीतलं कोल्ड ब्लू, म्हणजे न तापवता लावायचं काळं करणारं रसायन, स्क्रूच्या डोक्यांना किंवा एखाद्या ओरखड्याला ठीक आहे, अख्ख्या फ्रेमला लावलं तर घामाने महिन्या-दोन महिन्यांत उतरतं. मी केलं ते रस्ट ब्लूइंग, म्हणजे आधी आम्लाचं द्रावण लावून मुद्दाम गंज चढवायचा आणि मग तो उकळून काळा करायचा. वेळखाऊ आहे, पण घरच्या घरी जमतं आणि टिकतं. हे फक्त साध्या पोलादासाठी. स्टेनलेस, ॲल्युमिनियम आणि निकेल मुलामा यांवर हे चालत नाही.

आता खरी मेहनत, पॉलिश पेपरची. मोटारीवर बफिंग करायचा मोह टाळा. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोल होतात, फ्रेमच्या धारा गोल होतात, अक्षरं वितळल्यासारखी दिसतात. सपाट लाकडाच्या तुकड्यावर पेपर ताणून धरा आणि नळीच्या दिशेने, एकाच दिशेने घासा. २२० पासून सुरुवात, मग ३२०, मग ४००. तिथेच थांबा. आरशासारखं गुळगुळीत केलं तर द्रावण पोलादाला धरत नाही. कळीजवळचे दोन-तीन खोल खड्डे मी तसेच ठेवले. ते घालवायचे तर आजूबाजूचं पोलाद तेवढंच उतरवावं लागलं असतं, आणि सपाट अंगाला खळगा पडला असता.

नळी फ्रेममधून काढायची गरज नाही. नळीला आणि सिलिंडरच्या घरांना आतून शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या वॉर्निशचा, हात द्या आणि मग त्यांत लाकडाच्या घट्ट खुंट्या ठोका. मग सगळं ॲसिटोनने धुवा. इथून पुढे उघड्या बोटाने स्पर्श नाही, नायट्रिल हातमोजेच. बोटाचा एक ठसा राहिला तर तो ठसाच काळा होऊन कायमचा बसतो.

द्रावण आम्लाचं असतं, म्हणून खिडक्या उघड्या आणि डोळ्यांवर चष्मा. कापसाचा बोळा बुडवून इतका पिळा की जवळपास कोरडा वाटावा. एकेक लांब हात फिरवा, तीच जागा पुन्हा घासू नका. मग दमट पेटीत टांगा. माझी पेटी म्हणजे झाकणाचा एक खोका, तळाशी गरम पाण्याचं भांडं. तीनेक तासांनी उघडली तेव्हा इतक्या मेहनतीने पॉलिश केलेल्या फ्रेमवर बारीक केशरी भुकटी पसरलेली. पोटात गोळा येतो ते बघून. पण हवं असतं ते हेच, फक्त सगळीकडे सारखं.

आता डिस्टिल्ड पाणी खळखळ उकळवून त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार डाग पाडतात. केशरी भुकटी डोळ्यांदेखत मखमली काळी होते. बाहेर काढा, सुकू द्या आणि अगदी बारीक स्टील वूलने अलगद ती मखमल उतरवा. स्टील वूलला कारखान्यातलं तेल असतं. तेही ॲसिटोनने धुऊन घ्या, नाहीतर पुढचा हात बसणार नाही. खालून फिकट राखाडी रंग दिसेल, ठिपक्याठिपक्यांचा. निराश होऊ नका. पुन्हा द्रावण, पुन्हा पेटी, पुन्हा उकळणं. तिसऱ्या फेरीला राखाडी गडद होतो, पाचव्याला काळा. मला सात फेऱ्या लागल्या, तीन दिवस. शेवटच्या फेरीनंतर पाण्यात खायचा सोडा घालून उकळलं, म्हणजे आम्लाचा अंश मरतो, आणि गरम असतानाच तेलात बुडवून रात्रभर ठेवलं.

सकाळी पुसलं तेव्हा ते कारखान्याइतकं चमकत नव्हतं. मंद, खोल काळं. खिडकीशी धरलं की कडेला निळी झाक. हा थर कारखान्याच्या थरापेक्षा घाम जास्त सोसतो, हा माझा अनुभव.

जिथे जुना थर चांगला आहे, किंवा वस्तू दुर्मिळ आहे, तिथे यातलं काहीही करू नका. जुन्या शस्त्राची किंमत त्याच्या मूळ थरात असते. निकेलचं असेल तर अमोनिया असलेलं, तांबं काढणारं क्लीनर वापरू नका. मुलाम्याखाली तांब्याचा थर असेल तर ते तो खातं आणि वरचं निकेल सोलून निघतं.

बाळगणं

होल्स्टरने ट्रिगर पूर्ण झाकला पाहिजे. यात तडजोड नाही. पट्टा जाड आणि ताठ हवा, मऊ पट्ट्यावर पाचशे ग्रॅमही लोंबतात. खिशात ठेवणार असाल तरी खिशातलं होल्स्टर हवंच, आणि त्या खिशात किल्ली नाही, नाणं नाही, रुमालही नाही. रिव्हॉल्व्हर रात्री चामड्यात ठेवू नका, चामडं ओलावा धरून ठेवतं. काकांच्या होल्स्टरमधला तो ठसा तसाच झाला होता.

खूप जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर अडवणारी पट्टी नसते. तसं असेल तर हॅमरखालचं घर रिकामं ठेवा. जुन्या जे-फ्रेमवर प्लस-पी असं लिहिलेलं नसेल तर तसली जोरकस काडतुसं भरू नका. अगदी हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक बघायचं. धक्क्याने न झाडलेल्या काडतुसातली गोळी पुंगळीतून पुढे सरकते आणि सिलिंडर अडवते. तुम्ही निवडलेल्या काडतुसांपैकी चार झाडा, पाचवं काढून नव्याशेजारी उभं करा. उंची वाढलेली दिसली तर ती काडतुसं त्या रिव्हॉल्व्हरसाठी नाहीत.

सरावात सगळ्यात जास्त वेळ मी पुंगळ्या काढण्यावर घालवला. दोन इंची नळीखाली पुंगळ्या ढकलणारा दांडा आखूड असतो, पुंगळी पूर्ण बाहेर ढकलतच नाही. नळी आकाशाकडे करायची आणि तळव्याने दांड्यावर एकच जोरदार फटका. हळू दाबलं तर एखादी पुंगळी मागच्या चांदणीखाली, म्हणजे पुंगळ्यांना कडेने उचलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या भागाखाली, शिरते आणि मग नखाने उकरत बसावं लागतं. त्याच चांदणीखाली न जळलेल्या दारूचे दोन कण अडकले तरी सिलिंडर जड फिरतो किंवा बंदच होत नाही. साफ करताना तिथे दातांचा जुना ब्रश फिरवा. तो दांडा हाताने घट्ट आहे का तेही बघा, सैल झाला तर सिलिंडर उघडत नाही.

ट्रिगर हलका करायला स्प्रिंग कापू नका, काडतूस फुटायचं राहील. त्यापेक्षा नकली काडतुसं घालून रोज दहा वेळा सावकाश ओढा. बोट तयार होतं.

रात्री घरी आलो की काडतुसं काढतो आणि सुती फडक्याने आधी डावी बाजू पुसतो. कळीभोवती, मुठीच्या कडेने, नळीच्या बुडाशी. महिन्यातून एकदा मुठीची लाकडं काढून आत बघतो आणि बाहेरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात देतो. शिसं पुसायची रसायन लावलेली फडकी काळ्या थराला लावत नाही, ती थरही पुसून नेतात. पॉकेट होल्स्टर असेल तर नळीच्या तोंडाशी आणि हॅमरपुढच्या फटीत कपड्याचे बारीक तंतू साचतात, ते काडीने काढायचे. मग कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

कळीजवळच्या त्या खड्ड्यांत मात्र फडकं पोचत नाही. त्यांच्यासाठी काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून तेलाचा एक थेंब.