इंग्लंडमध्ये अप्रेंटिसशिप फंडिंगच्या कामात शिरताय? आधी एक फाइल मागून घ्या

इकडे डिपेंडंट व्हिसावर आलेले आपले बीकॉमवाले, बँकेत किंवा सीएच्या ऑफिसात काम केलेले बरेच जण विचारतात की कॉलेजात आणि ट्रेनिंग कंपन्यांत एमआयएस (म्हणजे लर्नरचा डेटा सांभाळणारा) ऑफिसर, फंडिंग ऑफिसर, कम्प्लायन्स ऑफिसर अशा जाहिराती दिसतात, ते नक्की असतं काय आणि आपल्याला जमेल का. जमतं हो. एक्सेल बऱ्यापैकी येत असेल आणि व्हाउचर बारकाईने तपासायची सवय असेल तर छानच जमतं, ॲक्सेंटचं वगैरे टेन्शन घेऊ नका, बोलणं कमी आणि कागद जास्त असा मामला आहे.

काम समजायला एवढं पुरे: अप्रेंटिसला पगार कंपनी देते, सरकार फक्त ट्रेनिंगचे पैसे देतं, आणि ते ट्रेनिंग देणाऱ्या प्रोव्हायडरला मिळतात. (आपल्याकडे नॅप्समध्ये, म्हणजे केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेत, सरकार स्टायपेंडचाच काही भाग उचलतं, तसं इथे नाही, त्यामुळे आयटीआयच्या अनुभवावरून अंदाज बांधू नका.) ज्या कंपनीचं वर्षाचं वेतनबिल ३० लाख पाउंडांच्या वर, ती २०१७ पासून ०.५ टक्के लेव्ही म्हणजे एक प्रकारचा कर भरते आणि त्यातूनच तिच्या अप्रेंटिसचा खर्च निघतो. छोटी कंपनी असेल तर ती ५ टक्के देते, बाकीचे ९५ टक्के सरकार. एप्रिल २०२४ पासून छोट्या कंपनीतला अप्रेंटिस सुरुवातीला २१ किंवा त्याहून कमी वयाचा असेल तर ते ५ टक्केही माफ.

आता मुख्य गोष्ट. नवीन माणूस पहिल्याच आठवड्यात फंडिंग रूल्स म्हणजे सरकारची नियमावली डाउनलोड करतो, पहिल्या परिच्छेदापासून वाचायला बसतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतो. असं करू नका. टीममधल्या कुणाकडून तरी कोर्स पूर्ण झालेल्या एका लर्नरची (म्हणजे अप्रेंटिसची) अख्खी फाइल मागून घ्या आणि प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारा, हा नसता तर कुठले पैसे परत द्यावे लागले असते? मग त्या कागदापुरता नियम शोधून वाचा. नियम असेच डोक्यात बसतात, नुसते वाचून नाही.

फाइलमध्ये सगळ्यात आधी स्टार्ट डेट बघायची, कारण साधारणपणे लर्नर ज्या वर्षी सुरू झाला त्या वर्षीचेच नियम त्याला लागतात. ३१ जुलै २०२५ पर्यंत सुरू झालेल्याला कोर्स किमान १२ महिने चालायची अट, १ ऑगस्टपासून सुरू झालेल्याला ८ महिन्यांची. ऑफ द जॉब ट्रेनिंगचंही (रोजचं काम बाजूला ठेवून घेतलेलं शिक्षण) तसंच, आधी आठवड्याला ६ तास असा हिशोब होता, आता प्रत्येक स्टँडर्डसाठी (म्हणजे त्या त्या कामाच्या ठरलेल्या अप्रेंटिसशिपसाठी) किमान तासांचा वेगळा आकडा छापलेला असतो. दोन्ही प्रकारचे लर्नर एकाच स्प्रेडशीटमध्ये शेजारी शेजारी असतात आणि घोळ तिथेच होतो. जुन्या डॉक्युमेंट्समध्ये सगळीकडे ईएसएफए (एज्युकेशन अँड स्किल्स फंडिंग एजन्सी) दिसेल, ती एजन्सी ३१ मार्च २०२५ ला बंद झाली, काम डीएफईकडे म्हणजे शिक्षण खात्याकडे गेलं, पण ऑफिसात लोक अजून ईएसएफएच म्हणतात.

पैशांचं गणित सोपं आहे. समजा ठरलेली किंमत १२,००० पाउंड आणि कोर्स १६ महिन्यांचा. ८० टक्के म्हणजे ९,६०० सोळा महिन्यांत सारखे वाटायचे, महिन्याला ६०० पाउंड. उरलेले २,४०० कम्प्लीशनला, म्हणजे कोर्स पूर्ण झाल्यावर. पण महिन्याचे पैसे मिळायला लर्नर त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला कोर्सवर असावा लागतो, ३० ऑक्टोबरला सोडून गेला तर ऑक्टोबर गेला. आणि पहिल्या ४२ दिवसांच्या आतच गेला तर काहीच नाही. ५ टक्केवाली कंपनी असेल तर तिचा तोपर्यंतचा वाटा घेतल्याची नोंद झाल्याशिवाय कम्प्लीशनचे पैसे सुटत नाहीत, म्हणून अकाउंट्समधल्या माणसाशी दोस्ती ठेवा, खरंच.

मग पुरावे. ऑफ द जॉबचे तास ड्युटीच्या वेळेतलेच धरतात, घरी रात्री बसून केलेला अभ्यास चालत नाही, इंग्लिश मॅथ्सचा क्लास त्यात मोजत नाहीत, प्रोग्रेस रिव्ह्यूही नाही. ट्यूटर मंडळी मनापासून शिकवतात पण तास लिहायला टाळाटाळ करतात आणि शेवटी तुम्हीच वाईट ठरता. मी तर म्हणेन की या नोकरीत निम्मं कौशल्य समोरच्याला न दुखावता "कागद कुठाय" हे विचारण्यात आहे. आधीचा अनुभव असलेला लर्नर असेल तर त्याला जे येतंय ते वगळून तास आणि किंमत दोन्ही कमी करायचे असतात, हे ऑडिटवाले हमखास बघतात.

रेसिडेन्सीबद्दल आपल्या लोकांना जरा जास्त कळतं, तो फायदाच. स्टुडंट व्हिसावाल्याला हे फंडिंग नाही. शिक्षणासाठी सोडून दुसऱ्या कारणाने राहायची परवानगी असेल आणि सुरू व्हायच्या आधी सलग तीन वर्षं इथे राहणं झालं असेल तर साधारणपणे चालतं. पासपोर्टवरचे शिक्के आणि ईव्हिसा वाचताना आपण गोंधळत नाही, इथले सहकारी गोंधळतात.

महिन्याचं चक्र आयएलआर (इंडिव्हिज्युअलाइज्ड लर्नर रेकॉर्ड) नावाच्या डेटावर फिरतं, हा प्रत्येक लर्नरचा डेटा सरकारला पाठवायचा असतो, त्यालाच रिटर्न म्हणतात. वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै, रिटर्न आर०१ ते आर१४, महिन्याचा रिटर्न बहुधा पुढच्या महिन्याच्या चौथ्या वर्किंग डेला बंद होतो. त्या दिवसांत सुट्टी मागू नका, मिळणार नाही. एरर आली की ती ओळ जातच नाही, वॉर्निंग आली तर जाते पण म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. आर१४ ऑक्टोबरमध्ये बंद झाला की मागच्या वर्षाचा हिशोब मिटला, नंतर राहून गेलेले पैसे मागायला दार जवळपास बंदच.

इंटरव्ह्यूची तयारी फुकटात होते. आयएलआर स्पेसिफिकेशन, व्हॅलिडेशन रूल्सची एक्सेल शीट, फंडिंग रूल्स आणि वर्षभरातल्या बदलांचा सारांश, हे सगळं सरकारी वेबसाइटवर उघडं आहे. सारांश आधी वाचा, तिथूनच प्रश्न येतात. मेटास किंवा प्रोसोल्युशन येत नाही म्हणून अर्ज थांबवू नका, सॉफ्टवेअर ते शिकवतात. मात्र कॉलेज स्कॉटलंड, वेल्स किंवा नॉर्दर्न आयर्लंडमधलं असेल तर हे वरचं जवळजवळ सगळं बाजूला ठेवा, तिथले नियम आणि पैसे वेगळे.