मंडळाचा देणगी कार्यक्रम: हॉल बुक करण्याआधीची तयारी

हॉल सगळ्यात शेवटी बुक करा. हे वाचून आमच्या न्यू जर्सीतल्या कुठल्याही मंडळाचा सांस्कृतिक सचिव हसेल, कारण इथे शाळेचा हॉल हवा तर सहा-आठ महिने आधी अर्ज टाकावा लागतो. तरीही म्हणते. भारतातल्या संस्थांसाठी तीनदा पैसे गोळा केले, तिन्ही वेळा खजिनदार मीच. नाचगाणी, जेवण, निवेदन हे सगळं आपल्याला येतं. गणपतीपासून कोजागिरीपर्यंत आपण तेच करत असतो. जमलेला पैसा कुठल्या वाटेने जाणार, हे मात्र कोणी आधी बघत नाही.

पहिल्या वर्षी आम्हीही बघितलं नव्हतं. मराठवाड्यातल्या एका वसतिगृहासाठी कार्यक्रम ठरवला. तिकिटं संपली, फिल्म बघून लोकांनी डोळे पुसले, चेक लिहिले. मग कळलं की संस्थेची एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घ्यायला भारत सरकारकडे लागते ती) संपली आहे आणि नूतनीकरणाचा अर्ज दिल्लीत पडून आहे. अकरा महिने ती रक्कम मंडळाच्या खात्यात बसून होती आणि प्रत्येक हळदीकुंकवाला मला कोणीतरी विचारायचं, "पोचले का गं पैसे?"

तेव्हा पहिला फोन संस्थेला. एफसीआरए क्रमांक काय, मुदत कधी संपते (नोंदणी पाच वर्षांचीच असते), आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं खातं चालू आहे ना, हे तीन प्रश्न न लाजता विचारा. २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशातून येणारी देणगी आधी संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतच जमा व्हावी लागते. संस्था गडचिरोलीची असो नाहीतर पणजीची. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा देणं बंद केलं. म्हणजे "ओळखीच्या मोठ्या ट्रस्टच्या नावाने पाठवू, ते गावातल्या शाळेला देतील" ही जुनी वाट आता नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही निम्म्यावरून २० टक्क्यांवर आली, तेव्हा तुमच्या पैशातून शिक्षिकेचा पगार द्यायचा असेल, तर तो कुठल्या खर्चात धरणार हे आधीच बोलून घ्या. फोनवरच्या "हो हो, सगळं आहे"वर थांबू नका. गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत संस्थांची जिल्हावार यादी आहे, तिथे नाव शोधा. शिवाय मागच्या वर्षीचं एफसी-४, म्हणजे परदेशी देणग्यांच्या हिशेबाचं वार्षिक विवरणपत्र मागवा. जी संस्था ते दोन दिवसांत पाठवते तिच्याबरोबर पुढचं काम सोपं जातं, असा माझा अनुभव.

नोंदणीच नसेल तर? काम चांगलं आहे, माणसं खरी आहेत, पण कागद नाही, असं खूपदा होतं. इथे पासपोर्ट मधे येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेला पैसा कायद्याने परदेशी देणगी धरला जात नाही. अमेरिकन नागरिकाचा धरला जातो, मग त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असलं तरी. आमच्याकडे एकाच घरात नवरा नागरिक झालेला आणि बायको अजून ग्रीनकार्डवर, अशी जोडपी पुष्कळ. तिने तिच्या भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून संस्थेला थेट पाठवलं तर चालतं, त्याने पाठवलं तर चालत नाही. आणि तिचाच पैसा एकदा मंडळाच्या खात्यातून गेला की तो परदेशी झाला. अशा संस्थेसाठी मंडळाने पैसे गोळा करू नयेत. माहिती द्यावी आणि बाजूला व्हावं. "माझ्या काकांच्या खात्यात टाका, ते नेऊन देतील" असं सुचवणारा प्रत्येक कमिटीत एक तरी असतो. त्याला चहा द्या, पण ऐकू नका. अडचणीत येते ती संस्था, आपण इथे सुखरूप असतो.

आता इकडची बाजू. आपलं मंडळ ५०१ (सी) (३), म्हणजे देणगीवर करसवलत मिळणारी नोंदणीकृत संस्था आहे, असं सगळे समजून असतात. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याच्या संकेतस्थळावर शोधून खात्री करा. छोट्या मंडळांनाही दरवर्षी एक चिमुकला ई-फॉर्म भरावा लागतो आणि सलग तीन वर्षं तो राहिला की दर्जा आपोआप रद्द होतो. कमिट्या बदलतात, पासवर्ड हरवतो, कोणाला पत्ता लागत नाही. शिवाय देणगी मागण्याआधी बहुतेक राज्यांत राज्याकडे वेगळी नोंदणी लागते. काही ठिकाणी लहान संस्थांना सूट आहे, ती तुम्हाला लागू आहे का ते पाहा.

भारतातल्या संस्थेला थेट दिलेल्या पैशावर अमेरिकेत करसवलत मिळत नाही, म्हणून मधे इथली नोंदणीकृत संस्था लागते. मात्र तिने नुसतं पोस्टमनचं काम करून चालत नाही. पैसा कोणाला, कशासाठी द्यायचा, हा निर्णय तिच्या कार्यकारिणीचा असावा लागतो आणि तो कागदावर दिसावा लागतो. म्हणून कार्यक्रमाआधी बैठक घ्या, ठराव लिहा, तारीख घाला, सह्या घ्या. एवढं झेपणारं नसेल तर कमीपणा मानू नका. महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून हेच काम करत आलं आहे, आणि प्रथमसारख्या मोठ्या संस्थांच्या अमेरिकेत स्वतंत्र संलग्न संस्था आहेत. त्यांच्यामार्फत गेलात तर निम्मी डोकेदुखी वाचते. श्रेयही निम्मं मिळतं. कमिटीत खरी चर्चा त्यावरच होते, हे वेगळं सांगायला नको.

तिकिटाचा हिशेब खजिनदाराने एका कागदावर मांडून सगळ्यांना पाठवावा. समजा तिकीट १०० डॉलरचं आणि जेवण-कार्यक्रमाची किंमत ४० डॉलरची, तर देणगी ६० ची, १०० ची नव्हे. तिकीट ७५ डॉलरच्या वर गेलं की हे देणाऱ्याला लेखी सांगणं बंधनकारक आहे. पैठणीचं रॅफल (सोडत) ठेवणार असाल तर त्याची तिकिटं देणगीत मोजली जात नाहीत, आणि न्यू जर्सीत रॅफलला गावच्या म्युनिसिपालिटीचा परवाना लागतो. आम्ही पैठणी ठेवली, परवान्याचं आठ दिवस आधी लक्षात आलं, मग ती पैठणी निवेदिकेला नेसवली. हॉल आणि केटररचा खर्च दोन-तीन प्रायोजकांकडून आधीच निघाला तर फारच उत्तम. मग "तुमचा प्रत्येक डॉलर तिकडे जाईल" हे माइकवरून खरेपणाने म्हणता येतं.

तारीख. लाँग वीकएंड नको, मुलींच्या अरंगेत्रमांचा (पहिल्या नृत्यप्रयोगांचा) हंगाम नको. बहुतेक मंडळं पितृपक्ष टाळतात. मी तोच सुचवेन. आमचा सर्वांत जास्त पैसा जमवणारा कार्यक्रम पितृपक्षातल्या शनिवारी झाला, कारण दुसरीकडे कुठे काही नव्हतं आणि आई-वडिलांच्या नावाने द्यायला लोक तयारच होते. इथे श्राद्धाला गुरुजी सहज मिळत नाहीत, कावळ्याचं तर सोडाच. एका गृहस्थांनी वडिलांच्या तिथीला दोन मुलींच्या वर्षभराच्या जेवणाचा खर्च उचलला आणि आता ते दरवर्षी आठवणीने फोन करतात. दुसरा चांगला काळ नोव्हेंबर-डिसेंबरचा, कारण इथलं करवर्ष ३१ डिसेंबरला संपतं. २०२६ पासून स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरलेली वजावट) घेणाऱ्यांनाही १००० डॉलरपर्यंतच्या, जोडप्याला २००० पर्यंतच्या, पैशाच्या रूपातल्या देणगीवर सवलत आहे. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. आमंत्रणात एक ओळ घाला.

आणि आता मागणं. आपल्याला सगळ्यात जड जातं ते हेच. मराठी माणूस दहा हजारांचं काम फुकट करून देईल, पण शंभर डॉलर मागताना घसा खाकरेल. अशा वेळी मी कमिटीला अण्णा कर्व्यांची आठवण देते. १९३० च्या डिसेंबरात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ते आफ्रिकेला गेले आणि मोम्बासा, युगांडा, झांझिबार करत पंधरा महिने हिंडले. तिकडच्या आपल्या लोकांपुढे स्त्रीशिक्षणाचं काम मांडलं आणि महिला विद्यापीठासाठी मदत मागितली. आपल्याला तर न्यू जर्सीतल्या न्यू जर्सीत, एडिसनहून पार्सिपनीला फोन करायचा आहे! त्याच्याही आधी अंताजी दामोदर काळ्यांनी एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला, त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना निघाला. मागण्याची परंपरा आपल्याकडे आहे, सवय गेली आहे.

तर साठ नावांची यादी करा. प्रत्येक नावापुढे फोन कोण करणार ते लिहा. ज्याची ओळख त्याने करायचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेल्या आवाहनाला नमस्काराचे हात येतात, पैसे येत नाहीत. फोनवर आकडा बोला. शिखांना दसवंधाची (कमाईचा दहावा हिस्सा देण्याची) सवय असते, मुसलमान शेजाऱ्यांचा जकातीचा अडीच टक्क्यांचा हिशेब ठरलेला असतो, आपल्याकडे असा आकडा नाही, म्हणून समोरचा "सगळे किती देतायत?" असंच विचारणार. संस्थेकडून खर्चाचे खरे तुकडे मागून घ्या: एका मुलीचं वसतिगृहाचं वर्ष, एका शिक्षिकेचा महिना, एक शिलाई यंत्र. मग "तुम्ही एक वर्ष घ्याल का?" हे विचारणं "जमेल तेवढं द्या"पेक्षा दोघांनाही सोपं जातं. आणि विचारल्यावर गप्प बसा. आपणच घाईने "नाही जमलं तरी चालेल हं" म्हणतो आणि त्याची सुटका करतो. अपेक्षित रकमेतली निम्मी तरी कार्यक्रमाआधी कबूल झालेली असावी.

याच फोनवर दोन गोष्टी विचारून ठेवा. कंपनी देणगीला मॅचिंग देते का, म्हणजे कर्मचाऱ्याच्या देणगीत स्वतःची भर घालते का? देत असेल तर त्या कंपनीच्या यादीत आपल्या संस्थेचं नाव आधी असायला हवं. ते चढवायला आठवडे लागतात, आणि मॅचिंग मागण्याची मुदत कंपनीगणिक वेगळी. दुसरं, वर्षाहून जास्त काळ ठेवलेले, भाव चढलेले शेअर आहेत का? ते विकून पैसे देण्यापेक्षा तसेच दिले तर त्यावरचा भांडवली नफ्याचा कर वाचतो. पण त्यासाठी संस्थेचं ब्रोकरेज खातं हवं, आणि ते आदल्या रात्री उघडत नाही.

संस्थेतून पाहुणे येणार असतील तर व्हिसाची चौकशी सर्वांत आधी, थंडीच्या कोटाची सर्वांत शेवटी, पण विसरू नका. भाषणाला पंधरा मिनिटं. त्यांना तासभर बोलायचं असतं, विषयही तासभराचा असतो. त्यासाठी दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये पोहे ठेवून बैठक करा. मोठे देणगीदार मला तिथेच मिळाले आहेत. फिल्ममध्ये मुलांचे चेहरे, नावं, कोणाच्या आईबापांनी काय केलं असल्या कहाण्या नकोत. संरक्षणाखालच्या मुलांची ओळख उघड करायला भारतातल्या बाल न्याय कायद्यात मनाई आहे. आणि कायदा नसता तरी, आपल्या मुलांचा असा फोटो आपण पडद्यावर लावू दिला असता का?

प्रत्यक्ष संध्याकाळी: प्रत्येक टेबलावर क्यूआर कोडचं कार्ड, कबुलीचा छापील कागद, चालणारं पेन. आमच्या एका कार्यक्रमात साठ पाकिटं होती आणि पेनं चार. शाळेच्या हॉलमध्ये नेटवर्क येत नाही, आदल्या दिवशी जाऊन पाहा. कार्डावर साधारण तीन टक्के कापले जातात, चेकवर नाही. ज्येष्ठांना चेकच आवडतो. आवाहन जेवणाआधी, श्रीखंड वाढल्यावर कोणी ऐकत नाही. मुलांच्या भेटीला आलेले आईवडील येतात आणि हळूच पाचशेच्या नोटा पुढे करतात. त्या घेऊ नका, पण नुसतं नाहीही म्हणू नका. ते भारतात राहतात, घरी गेल्यावर थेट संस्थेला देऊ शकतात आणि प्राप्तिकराच्या सवलतीची पावती घेऊ शकतात. दोन हजारांच्या वर असेल तर रोख नको. संस्थेचा पत्ता आणि देशी देणग्यांच्या खात्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापलेला एक कागद त्यांच्यासाठी वेगळा ठेवा.

पैसे दोघांनी मिळून मोजायचे, त्याच रात्री, आणि आकड्याखाली दोघांच्या सह्या. पावत्या आठवड्यात, २५० डॉलर आणि त्यावरच्या प्रत्येक देणगीला लेखी पोच लागते, नाहीतर देणाऱ्याची सवलत जाते. कबूल करून न दिलेल्यांना दोनदा आठवण, तिसऱ्यांदा नाही. पैसे दिल्लीत जमा झाल्याचं संस्थेचं पत्र आलं की ते सर्वांना पाठवा, आणि सहा महिन्यांनी खर्चाचा हिशेब मागवून तोही पाठवा, मग तो कितीही रुक्ष असो.

ठराव, एफसी-४, पावत्यांच्या प्रती, देणगीदारांची यादी आणि पासवर्ड, सगळं एका फाइलमध्ये घालून पुढच्या खजिनदाराच्या हातात द्या आणि दिल्याची तारीख लिहून ठेवा. आमची दोन वर्षांची फाइल हरवली म्हणून केवढी शोधाशोध झाली होती. शेवटी ती एका माजी अध्यक्षांच्या गराजमध्ये, गणपतीच्या मखराखाली सापडली.