फळ्यावरचा भाव: शेतकरी कंपनीत नव्याने सीईओ होणाऱ्यांसाठी

दरवर्षी जून-जुलैत मला नव्या मुलामुलींचे फोन येतात. कृषी पदवी झालेली असते किंवा अ‍ॅग्री-बिझनेसचं एमबीए, आणि कुठल्यातरी शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे शेतकरीच सभासद आणि मालक असलेल्या कंपनीत, सीईओ म्हणून रुजू व्हायचं असतं. कायदा त्यांना पाठ असतो. किमान १० उत्पादक, ५ ते १५ संचालक, शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच, तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक. त्यावर मी वेळ घालवत नाही. कंपनी प्रत्यक्षात ठरवते कशी आणि ठरलेलं बदलते कशी, हे मात्र मी तासभर सांगतो. ते मला माहीत नव्हतं म्हणून एका हंगामात आमची निम्म्याहून जास्त आवक गेली, आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

मी २०२१ च्या पावसाळ्यात लातूर जिल्ह्यातल्या एका कंपनीत रुजू झालो. ते वर्ष आठवा. ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास पोचलं होतं. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव खाली खाली येत गेला. सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाचा पाऊस झाला, मांजरा नदीकाठची उभी पिकं पाण्यात गेली. ऑक्टोबरात कंपनीच्या वजनकाट्यावर आलेला माल ओला आणि डागी, आणि ज्या तेल प्लांटला आम्ही सोयाबीन द्यायचो त्याचा भाव दिवसातून दोन-तीनदा हलणारा.

आमच्या कंपनीत एक जुना नियम होता. सकाळी नऊला प्लांटला फोन लावायचा, खर्च वजा करून भाव काढायचा, तो खडूने फळ्यावर लिहायचा. मग काटा बंद होईपर्यंत त्या आकड्याला हात लावायचा नाही. मी वहीत हिशोब मांडला. दिवसाची आवक ३०० क्विंटल, क्विंटलमागे सुटतात ६० रुपये, म्हणजे १८ हजार. दुपारी प्लांटने २०० रुपये उतरवले तर सगळ्या मालावर ६० हजारांचा फटका. तीन दिवसांची कमाई एका दुपारी जाणार. मला हा नियम सरळसरळ घातक वाटला.

बैठकीत मी विचारलं, "हा नियम का आहे?" अध्यक्ष म्हणाले, "पहिल्यापासून तसंच आहे, सर." बाकीचे गप्प. या उत्तरात काही नाही असं मी धरून चाललो, आणि माझी चूक इथेच झाली. प्लांटचा भाव बदलला की आपलाही बदलायचा असा ठराव मी मांडला. इतिवृत्तात आलं: चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. चर्चा झालीच नव्हती.

चौथ्या दिवशीची गोष्ट. एक शेतकरी सकाळी साडेनऊला ट्रॅक्टर घेऊन आला, बत्तीस पोती. फळा वाचला आणि रांगेत लागला. त्याचा नंबर यायला दोन वाजले. तोवर मी फळा पुसून १८० रुपये कमी लिहिले होते. चार पोती उतरवून झाल्यावर त्याने वर पाहिलं. भांडण नाही, आवाज नाही. हमालाला म्हणाला, "चढव परत." चारही पोती वर गेली, ट्रॉलीवर त्याने पुन्हा दोर टाकला, पाय देऊन आवळला, गाठ मारली आणि आडतीकडे निघून गेला. मी केबिनमधून बघत होतो. मला वाटलं, एक गिऱ्हाईक गेलं. दोन आठवड्यांत आवक ३०० क्विंटलवरून सत्तरवर आली. गोदामाचं भाडं, हमाली, पगार तेवढेच. भावातला तोटा मी वाचवला होता, पण काटाच रिकामा पडला.

मग एका संध्याकाळी मी काटेवाल्या मामांना विचारलं, "मामा, फळा दिवसभर पुसायचा नाही, हे कधीपासून?" त्यांनी चहा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मी येण्याच्या चार वर्षं आधी दोन सख्ख्या भावांचा माल एकाच दिवशी आला. एकच रास, एकच मळणी. थोरल्याचा सकाळी दहाला मापला, धाकट्याचा दुपारी चारला. पट्टीत, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या कागदात, क्विंटलला दीडशेचा फरक. त्यांच्या घरात वाटणीचा वाद आधीच पेटलेला होता. धाकट्याच्या मनात बसलं की कंपनी थोरल्याला सामील आहे. त्याच्यामागे सगळी भावकी तुटली, चाळीसच्या वर सभासदांनी माल घालणं थांबवलं. त्यानंतर फळ्याचा नियम आला. एक संचालक त्या भावांच्या नात्यातले, म्हणून इतिवृत्तात यातलं अक्षरही नाही.

आता नीट ऐका, यासाठीच हा सगळा खटाटोप. मी "का" विचारलं होतं. नव्या माणसाने, तेही पगारी माणसाने, सगळ्यांसमोर "का" विचारलं की ते जाब विचारल्यासारखं लागतं. समोरचा नियमाची बाजू घेतो किंवा तोंड मिटतो. "कधीपासून" विचारलं की माणूस आठवायला लागतो. त्याच्यापुढचा प्रश्न: "त्याच्या आधी काय करायचो आपण?" या दोन प्रश्नांत नियमाची जन्मकथा बाहेर येते. हे बैठकीत विचारू नका. काट्यावर विचारा, गोदामात, हिशोब लिहिणाऱ्या ताईंना, संचालकाच्या ओसरीवर. हर्बर्ट सायमन यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचा मर्यादित विवेकाचा सिद्धांत मी परीक्षेला लिहून आलो होतो. संस्थेतली माणसं सगळे पर्याय तोलत बसत नाहीत, पुरेसा बरा सापडला की शोध थांबवतात. तो थांबलेला शोध पुढे नियम होऊन बसतो आणि त्यामागचं दुखणं फक्त दोन-चार माणसांच्या आठवणीत राहतं, हे मात्र मला मामांनी शिकवलं.

याचा अर्थ जुनं ते सगळं जपा असा घेऊ नका. आमच्याकडे माल फक्त ज्यूटच्या बारदान्यातच घ्यायचा असाही दंडक होता. "कधीपासून" विचारल्यावर कळलं की एक प्लांट प्लास्टिकची पोती परत पाठवायचा म्हणून तो आला. तो प्लांट बंद होऊन तीन वर्षं झाली होती. दंडक एका बैठकीत गेला, कुणी हूं का चूं केलं नाही.

फळ्याचं मात्र आम्हाला नव्याने जुळवावं लागलं. या वेळी मी बैठकीआधी दहाही संचालकांच्या घरी गेलो. याला कुणी राजकारण म्हणेल. पण गावात अध्यक्षांसमोर त्यांच्याविरुद्ध बोलायला कुणी धजत नाही, आणि न बोललेला विरोध चार दिवसांनी काट्यावर येऊन उभा राहतो. अखेर ठरलं ते असं: नऊचा भाव दिवसभर वाढेल, पण उतरणार नाही. रांगेतल्याला सकाळीच त्या भावाची चिठ्ठी मिळेल. आणि घसरणीच्या काळात दिवसाला दीडशे क्विंटलच्या वर चिठ्ठ्या द्यायच्या नाहीत. म्हणजे २०० रुपये उतरले तरी फटका ३० हजारांवर थांबतो. ही दीडशेची मर्यादा माझ्या डोक्यातून आली नाही, ती एका संचालकाच्या आईने सुचवली. त्याच डिसेंबरच्या २० तारखेला बाजार नियामक सेबीने सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणारे सौदे, बंद केले. भावाची जोखीम वायद्यात झाकू म्हणून जे आराखडे आखले होते ते बाजूला ठेवावे लागले. चिठ्ठी टिकली.

तयार बिझनेस प्लॅनबद्दल माझं मत कडवट आहे. पहिलं पान बदलून तोच प्लॅन चार तालुक्यांत फिरताना मी पाहिला आहे, त्यात फळाही नसतो आणि भावकीही नसते. मार्गदर्शक निवडताना एवढंच बघा की त्याने एका कंपनीत सलग तीन हंगाम काढलेत का. नसतील तर व्याख्यान ऐका, पण काट्याबद्दल त्याचा सल्ला घेऊ नका. आणि केंद्राच्या १० हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) योजनेतून व्यवस्थापन खर्चाला मिळणारी मदत तीन वर्षांची असते, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. चौथ्या वर्षी तुमचा पगार आवकेतून निघायचा असतो.

घाबरू मात्र नका. पहिल्या हंगामात चुकला नाही असा सीईओ मला अजून भेटायचा आहे. कंपनी सहसा तुम्हाला दुसरा हंगाम देते, कारण सभासदांनाही आडतीशिवाय दुसरी जागा हवीच असते. आमची आवक पुढच्या वर्षी अडीचशेपर्यंत आली. तो बत्तीस पोत्यांचा शेतकरी आला नाही. आठवडी बाजारात दिसला की मी थांबतो, राम राम घालतो, पाऊसपाण्याची चौकशी करतो. तो बोलतो. माल अजून आडतीलाच घालतो.