युरोपला विजेची मोटार पाठवायचीय? आधी एवढं करून ठेवा

युरोपची ऑर्डर हातात पडली की आपण पहिला फोन टेस्टिंग लॅबला लावतो. तो दुसरा असू द्या. आधी आपली मोटार कोणत्या नियमात बसते ते बघा. दोन कागदांवर १७८१ हाच आकडा आहे आणि तिथेच घोळ होतो. २०१९/१७८१ हा युरोपीय संघाचा खास मोटारी आणि ड्राइव्हचा (मोटारीचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्राचा) नियम, तर २०२४/१७८१ हा १८ जुलै २०२४ पासून अमलात आलेला, जवळपास सगळ्या वस्तूंसाठीचा इकोडिझाइन (पर्यावरणाचा विचार करून वस्तू बनवण्याचा) कायदा. मोटारीला आज लागू होणारे आकडे पहिल्यात आहेत.

पहिला नियम छापून भिंतीवर लावा. साधारण थ्री-फेज मोटार ०.७५ ते १००० किलोवॉटमधली असेल, तर १ जुलै २०२१ पासून किमान आयई३ हवी (आयई म्हणजे एफिशियन्सीचा वर्ग, आकडा मोठा तितकी वीज कमी वाया). ७५ ते २०० किलोवॉटच्या दोन, चार आणि सहा पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) बहुतेक मोटारींना १ जुलै २०२३ पासून आयई४ लागते. ब्रेक मोटारीसारखे अपवाद आहेत. तुमचं मॉडेल त्यात येतं का, हे मूळ मजकुरातच वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

मग स्टोअरमध्ये जा. ज्या ग्रेडच्या स्टॅम्पिंगवर (कोअरसाठी कापलेल्या स्टीलच्या पातळ चकत्यांवर) टेस्ट झाली, तोच माल आजही येतोय का? स्टील बदललं की कोअर लॉस (स्टीलच्या गाभ्यात वाया जाणारी वीज) बदलतो, तार बारीक झाली की कॉपर लॉस (तांब्याच्या तारेत वाया जाणारी वीज) वाढतो, आणि जुना रिपोर्ट त्या मोटारीचा राहतच नाही. खरेदी विभागाला हे एकदा शांतपणे समजावून सांगा, कारण किलोमागे चार रुपये वाचवण्याचा निर्णय तिथे होतो. १ जुलै २०२२ पासून वेग आणि टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) वेगवेगळ्या बिंदूंवरचे लॉसही द्यावे लागतात, तेव्हा लॅबला ऑर्डर देतानाच ते मागून घ्या.

तांत्रिक फाइल त्या मॉडेलची शेवटची मोटार बनल्यापासून दहा वर्षं जपायची असते. आमच्याकडे ती एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर होती. तो नोकरी सोडून गेला आणि आयातदाराने कागद मागितले तेव्हा तीन आठवडे आम्ही जुन्या ईमेल चाळत बसलो. ड्रॉइंग, टेस्ट रिपोर्ट, अनुरूपतेचं घोषणापत्र (मोटार नियमात बसते असं लेखी सांगणारा कागद), सगळं मॉडेलनुसार एका जागी ठेवा, दोन प्रतींत. आयातदार सारखे कागद मागतो म्हणून चिडू नका, तिकडे कायद्यापुढे त्यालाही उभं राहावं लागतं.

याच फाइलमध्ये आतापासून एक कप्पा वाढवा: कोणतं धातू किती, कुठून आलं, बेअरिंग बदलायला काय लागतं. कारण इकोडिझाइनचा कायदा वाढत चाललाय: २००५ मध्ये तो ऊर्जा वापरणाऱ्या यंत्रांपुरता होता, २००९ मध्ये खिडक्या आणि नळही त्याच्या कक्षेत आले, आणि आता दुरुस्ती, पुनर्वापर, डिजिटल पासपोर्ट (वस्तूची माहिती ठेवणारी डिजिटल नोंद) इथवर तो पोचलाय. २०२४ च्या कायद्याच्या पहिल्या कार्ययोजनेत कपडे, फर्निचर, टायर, गाद्या, पोलाद आणि ॲल्युमिनियम आहेत. तुमच्या शेजारच्या शेडमध्ये यातलं काही बनत असेल तर त्यालाही सांगा.

शेवटी नेमप्लेट. पूर्ण, ७५ आणि ५० टक्के लोडवरची एफिशियन्सी, आयई वर्ग आणि उत्पादनाचं वर्ष त्यावर किंवा तिच्याजवळ न पुसणाऱ्या अक्षरांत हवं. पेंटला जाण्याआधी प्लेटवर मास्किंग टेप लावा. टेप काढल्यावर अंगठ्याने घासून बघा, प्रत्येक प्लेटचा फोटो सीरियल नंबरसह घ्या, आणि मगच खोक्याला खिळे ठोका.