साडेचारचा गजर आणि दुपारची झोप

माझी रत्नागिरीत छोटी खानावळ आहे. मासळी घ्यायला पहाटे पाचला मिरकरवाड्याला पोचावं लागतं, म्हणजे गजर साडेचारचा. झोपायला मात्र साडेअकरा व्हायचे. दिवसभर डोकं जड. एकदा तर बांगड्याचे पैसे दोनदा दिले!

कुठेतरी ऐकलं, झोपेचं चक्र ९० मिनिटांचं असतं, त्याच्या पटीत झोपा. महिनाभर हिशेब मांडला. पण ९० ही नुसती सरासरी आहे. चक्र माणसागणिक, अगदी एकाच रात्रीतही कमी-जास्त होतं. शिवाय पाच तासांची झोप कितीही मोजून घेतली तरी ती पाच तासांचीच.

खरी गोम दुपारी होती. कढी-भात जेवून मी दीड तास आडवा व्हायचो. तेवढ्यात गाढ झोप लागते, त्यातून मध्येच उठलं की अर्धा तास झापड जात नाही, आणि रात्री लवकर डोळा लागत नाही. आता २० मिनिटंच पडतो. बायको पंखा बंद करते, उकाड्याने आपोआप उठतो. चारनंतर चहा बंद (हे सगळ्यात जड गेलं). साडेनऊला अंथरुणात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आधी मी आठपर्यंत लोळायचो आणि ऑगस्टात पुन्हा हाल. यंदा पावसातही पाचला उठून पडवीत बसलो, उजाडेपर्यंत. ऑगस्टात बहुतेकदा गजराआधीच जाग येत होती.