व्हिडिओ गेमवरचा प्रश्नपत्त्यांचा खेळ घरी कसा तयार करावा

‘पॅक-मॅन कोणत्या साली आला?’ असा प्रश्न पत्त्यावर छापला, तर चौघांतल्या एकाला तो येतो आणि बाकीचे तिघे गप्प बसतात. १९८० हे उत्तर कळूनही त्यांच्या हाती काही लागत नाही. असे खेळ दोन डावांनंतर कपाटात जातात ते यामुळेच. पत्ता असा हवा, की उत्तर ठाऊक नसलेल्यालाही विचार करत त्याच्यापर्यंत पोचता यावं. खालचा आराखडा याच गोष्टीभोवती रचला आहे. तीन ते सहा खेळाडू, साधारण अर्धा तास आणि १०८ पत्ते.

पायरी १ : नियम आधी, प्रश्न नंतर

एका पत्त्यावर एकच उत्तर आणि त्याकडे नेणाऱ्या तीन सूचना. पहिली अवघड, तिसरी सोपी. पहिल्या सूचनेवर ओळखलं तर ३ गुण, दुसरीवर २, तिसरीवर १. एक जण पत्ता हातात धरून वाचतो. ज्याला उत्तर सुचेल त्याने ‘पॉझ!’ म्हणायचं आणि पाच सेकंदांत सांगायचं. चुकला तर त्या पत्त्यापुरता बाद.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम : जो पत्ता जिंकेल त्यानेच पुढचा वाचायचा. वाचणाऱ्याला उत्तर देता येत नाही, त्यामुळे घरातला पट्टीचा गेमर सलग दोन पत्ते मारू शकत नाही. हा नियम काढला तर एकच माणूस पहिल्या दहा मिनिटांत डाव संपवतो आणि बाकीच्यांचा रस जातो. कोणालाच उत्तर आलं नाही तर वाचणाऱ्याच्या डावीकडचा पुढचा पत्ता वाचेल. आधी १५ गुण करेल तो जिंकला.

पायरी २ : पत्त्यांचा हिशेब

९६ प्रश्नपत्ते, ८ चीट कोड, २ नियमांचे, २ कोरे. एका पत्त्याला मिनिटभर लागतो, म्हणजे डावाला तीसेक पत्ते, आणि तीन डाव तरी एकही प्रश्न परत येत नाही. चीट कोड दोन प्रकारचे, चार-चार : ‘एक्स्ट्रा लाइफ’ (चुकल्यावर आणखी एक संधी) आणि ‘डबल’ (पहिली सूचना ऐकण्याआधी टाकायचा, त्या पत्त्याचे गुण दुप्पट). सुरुवातीला प्रत्येकाला एकच द्या. कोरे पत्ते टाकू नका. छापून झाल्यावर एखादी चूक सापडतेच, तेव्हा ते उपयोगी पडतात.

१०८ हा आकडा छपाईसाठीही सोयीचा आहे. ए-फोर कागदावर ६३ बाय ८८ मिलिमीटरचे नऊ पत्ते बसतात, म्हणजे नमुना संच बारा कागदांत होतो.

पायरी ३ : विभाग पाडताना पिढ्या मोजा

सहा विभाग, प्रत्येकी सोळा पत्ते : आर्केड (नाणं टाकून खेळायची मशिनं), कार्ट्रिजवाले टीव्ही गेम, पीसी आणि सायबर कॅफे, मोबाइल, पात्रं आणि जागा, गेम कसे बनतात. कार्ट्रिज घालून ‘कॉन्ट्रा’ खेळलेला मामा आणि मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळणारा भाचा एकाच सतरंजीवर बसणार असतील, तर दोघांनाही आपापले विभाग मिळायला हवेत. मोबाइलची सुरुवात १९९७ च्या नोकिया ६११० वरच्या ‘स्नेक’पासून करा, म्हणजे आजीलाही तिथे जागा राहते. शेवटच्या विभागात पुण्यात तयार झालेला, २०२० साली आलेला ‘राजी’ हा गेम जरूर घ्या.

पायरी ४ : पत्ता लिहिणे

सगळी मेहनत इथे आहे, घाई करू नका. पॅक-मॅनचाच पत्ता नीट लिहून पाहू.

३ गुण : २५६व्या लेव्हलला माझा उजवा अर्धा स्क्रीन अक्षरांच्या गोंधळाने भरून जातो.
२ गुण : गोळीबाराच्या गेमची चलती असताना जपानमध्ये माझ्या निर्मात्याने खाण्याभोवती खेळ रचला.
१ गुण : चार भुतं मागे लागलेली असताना मी ठिपके गिळत पळतो.

उत्तराखाली एक ‘का’ची ओळ द्या : लेव्हलची मोजणी आठ बिटांत होते, तिथे २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. ही ओळ वाचली की हरलेलाही ‘अच्छा!’ म्हणतो, आणि पत्ता लक्षात राहतो तो या ओळीमुळे.

साल आणि निर्मात्याचं नाव या सूचना पाठांतराच्या असतात. त्याऐवजी वागणं, कारण, वस्तू शोधा. बंदुकीने पडद्यावरची बदकं टिपायच्या ‘डक हंट’साठी ‘नव्या सपाट टीव्हीवर माझी बंदूक चालत नाही’ ही सूचना पाहा. ज्याने ती बंदूक जुन्या डबा टीव्हीसमोर धरली आहे त्याच्या डोक्यात ती लगेच पेटते. ‘स्पेस इन्व्हेडर्स’साठी : ‘शत्रू कमी होत जातात तसा उरलेल्यांचा वेग वाढतो.’ कारण प्रोसेसरला कमी आकृत्या काढाव्या लागतात.

दोन पथ्यं. पहिल्या सूचनेतूनही एकच उत्तर निघालं पाहिजे. ‘मी जपानचा आहे’ ही सूचना हजार गेमना लागू पडते आणि भांडण लावते. दुसरं, एका सूचनेत अठराहून जास्त शब्द नकोत. मोठ्याने वाचताना श्वास तुटला तर ऐकणाऱ्याचा धागाही तुटतो.

पायरी ५ : खरं-खोटं तपासणे

वेबसाइटवर एकाने लिहिलेली चूक दहा जण उतरवतात, म्हणून दोन स्रोत सारखे दिसले तरी ते एकमेकांवरूनच घेतलेले नाहीत ना, हे बघा. शक्य तिथे गेम स्वतः चालवून पाहा. या विषयातले नेहमीचे खड्डे असे :

‘पहिला’ हा शब्द. ‘पहिला व्हिडिओ गेम कोणता?’ याला १९५८ चा ‘टेनिस फॉर टू’, १९६२ चा ‘स्पेसवॉर’ आणि १९७२ चा ‘पाँग’ ही तिन्ही उत्तरं येतात, आणि प्रत्येकाकडे आपला मुद्दा असतो. ‘ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस’ असं लिहिलं (ऑसिलोस्कोप म्हणजे विजेच्या लहरी दाखवणारं यंत्र), की ‘टेनिस फॉर टू’ एवढंच उत्तर उरतं आणि वाद संपतो. ‘अप, अप, डाउन, डाउन…’ हा बटणं दाबून द्यायचा चीट कोड गाजला तो ‘कॉन्ट्रा’मुळे, पण त्याआधी तो १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ या गेममध्ये आला होता. मारिओही प्रथम दिसला तो १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये, आणि तिथे तो प्लंबर नव्हता, सुतार होता.

साल. ‘कॉन्ट्रा’ आर्केडमध्ये १९८७ ला आला, घरच्या कन्सोलवर १९८८ ला. ‘व्हाइस सिटी’ २००२ चा, पण त्यातलं शहर १९८६ चं. साल लिहिलंत तर कशाचं ते लिहा.

‘सर्वाधिक विकला गेलेला’ हेही टाळा. आकडे बदलत राहतात आणि पत्ता शिळा होतो. लिहायचंच असेल तर ‘माइनक्राफ्टच्या विक्रीने २०२३ मध्ये ३० कोटींचा टप्पा ओलांडला’ असं सालासकट लिहा.

पायरी ६ : हाताने लिहिलेले पत्ते खेळवणे

९६ हवे असतील तर १३० लिहा. साध्या कार्डशीटवर हाताने लिहून वेगवेगळ्या पाच गटांत खेळवा आणि प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात कोणत्या सूचनेवर ओळखलं याची खूण करा. चार गटांनी पहिल्यावरच ओळखला तर पहिली सूचना बदला. तिसरीवरही कोणालाच आला नाही तर पत्ता काढून टाका, कितीही आवडता असला तरी. खेळताना स्वतः काही समजावून सांगू नका. नियमांचा पत्ता वाचून लोक कुठे अडखळतात तेच टिपून घ्यायचं आहे.

पायरी ७ : मांडणी

‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) हे मोफत देवनागरी फाँट पत्त्यांवर छान दिसतात. अक्षर दहा पॉइंटचं आणि ओळींमधलं अंतर दीडपटीच्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. विभाग रंगासोबत चिन्हानेही ओळखता यावा, कारण लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसत नाही.

छापखान्यात देवनागरी बिघडण्याची जागा ठरलेली आहे : फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की ‘ऱ्या’ आणि ‘ष्ट्र’ फुटतात. अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फाँटवर अवलंबून नसलेल्या आकृत्यांत बदलून) पीडीएफ द्या, आणि नमुना प्रत आल्यावर नेमके हेच शब्द शोधून बघा.

पायरी ८ : छपाई आणि हक्क

३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन, तीन मिलिमीटर गोल कोपरे. चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) सोडा. १३ बाय १९ इंची शीटवर असे अठरा पत्ते आरामात बसतात, म्हणजे एक संच सहा शीटमध्ये. मागच्या बाजूला चौकट काढू नका. कापताना मिलिमीटरभर सरकलं तरी चौकट तिरकी दिसते आणि ठरावीक पत्ता पाठीवरून ओळखू येतो. पूर्ण पसरलेली गडद नक्षी घ्या. वाचणाऱ्याच्या मागे दिवा असला तरी तिच्यातून उत्तर आरपार दिसत नाही. खोक्याचं माप मात्र लॅमिनेशन झालेला गठ्ठा फूटपट्टीने मोजूनच द्या.

गेमचं नाव आणि माहिती प्रश्नात वापरणं वेगळं आणि लोगो, पात्रांची चित्रं, संगीत उचलणं वेगळं. चित्रं स्वतः काढा, खोक्याच्या नावात कोणत्याही गेमचं नाव घेऊ नका, आणि संच विकायचा असेल तर छपाईला टाकण्याआधी ट्रेडमार्क जाणणाऱ्या वकिलाला दाखवा.